जोसेफबाबाच्या उशाखाली

फुलामावशीचा देव झोपलेला होता. देव म्हटलेलं तिला चालायचं नाही. "देव न्हाय गं, संत हाय त्यो. देवाच्या घरातला माणूस," असं ती दर वेळी मला दुरुस्त करायची आणि मी दर वेळी मुद्दाम देवच म्हणायचे, कारण तिला चिडलेलं बघायला मला आवडायचं. चिडली की ती डोक्यावरचा पदर दोनदा सारखा करायची आणि मग हसायची.

वीतभर लांबीची प्लास्टरची मूर्ती होती ती. एका कुशीवर झोपलेला दाढीवाला माणूस, हाताची उशी केलेली, अंगावर तपकिरी शाल, पायांत चपला तशाच. चर्चमध्ये हाच संत जोसेफ ताठ उभा असतो, हातात पांढऱ्या फुलांची दांडी घेऊन. मावशीच्या खोलीत मात्र तो आडवा. मरियेचा नवरा, येशूला वाढवणारा बाप, धंद्यानं सुतार. देवदूत त्याला भेटायचा तो स्वप्नातच. हिला घरी आण, पोराला घेऊन दुसऱ्या मुलखात पळ, आता परत ये, असं जे काय सांगायचं ते झोपेत सांगायचा. जोसेफ उठला की काही न विचारता तेवढं करायचा. अख्ख्या बायबलात तो एक शब्दही बोलल्याचं लिहिलेलं नाही, असं चर्चमधल्या सिस्टर सिल्वियांनी मला एकदा सांगितलं. तेव्हापासून हा माणूस मला बरा वाटायला लागला. आमच्या बारामतीत बोलणारे फार आहेत.

त्याच्याकडं काही मागायचं तर ते कागदावर लिहायचं, घडी घालायची आणि मूर्ती उचलून त्याच्या उशाखाली ठेवायची. मग तो त्या मागण्यावर झोपतो आणि झोपेतच त्याचं काम सुरू होतं, अशी त्यांच्यातली रीत. अडचण एवढीच की फुलामावशीला लिहिता येत नव्हतं. त्यामुळं चिठ्ठी लिहायचे मी. मी म्हणजे साजिया तांबोळी, कालव्याच्या अलीकडं ब्लाउज शिवायचं दुकान आहे ती. आमच्यात मूर्तीपुढं मागणं नाही. पण शेजारणीचं पत्र लिहून द्यावं तसं लिहून देण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मावशी मूळची कळंबची. तिच्या आज्याच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. नवरा कारखान्यात लाकडी साचे बनवणारा सुतार होता. गावाला तो म्हस्कू, चर्चच्या रजिस्टरात जोसेफ. बाप्तिस्म्याला ज्या संताचं नाव मिळतं तो आयुष्यभर पाठीशी उभा राहतो असं ते लोक मानतात, त्यामुळं दर एकोणीस मार्चला, संत जोसेफच्या सणाला, म्हस्कूतात्या नवा सदरा घालून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, जायचा आणि घरी येऊन गुळाचा शिरा खायचा. भक्ती म्हणून एवढीच. निवृत्त झाल्यावर दोघं बारामतीत चर्चच्या मागच्या आळीत राहायला आली. एका दुपारी जेवून तात्या उजव्या कुशीवर आडवा झाला. चार वाजता मावशीनं चहा ठेवला, हाक मारली, पुन्हा हाक मारली. चहा गार झाला.

फादरांनी तिला सांगितलं, चांगल्या मरणाचा संत जोसेफच आहे, तुझा माणूस त्याच्याच हातात गेला. तिनं ते ऐकून घेतलं. पुढं काही महिन्यांनी सिस्टर सिल्वियांनी वसईहून ती झोपलेली मूर्ती आणली. मावशीनं कागद सोडला, बघितलं, आणि म्हणाली, "ह्यो आमचाच की."

तेव्हापासून ती त्या मूर्तीशी बोलायला लागली. भाकरी थापताना, चूल पुसताना, वाकळ शिवताना बोलणं चालूच असायचं. मी तिच्या खोलीत बसून ऐकलं आहे. त्यातलं संताला किती आणि म्हस्कूतात्याला किती, हे मला कधी कळलं नाही. तिलाही कळत असेल असं वाटत नाही. तिनं ते कळून घेण्याची गरजही नव्हती.

तिची माझी गाठ पडली ती चिंध्यांमुळं. ती वाकळा शिवायची, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर लावून गोधड्या, आणि वरच्या ठिगळांसाठी माझ्याकडून कातरणं न्यायची. दर आठवड्याला यायची, पिशवी भरायची, जायची. मग माझी अम्मी गेली. दुपारची वेळ होती. तिला बरं नव्हतं, मी तिच्या शेजारीच बसले होते, आणि बसल्या जागी माझा डोळा लागला. तासाभरानं जागी झाले तेव्हा अम्मी नव्हती. त्यानंतर मी दुपारी कधी झोपले नाही. अगदी अंग मोडून आलं तरी नाही.

अम्मी गेल्याच्या चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं होतं. मशीन चालवत होते. फुलामावशी पिशवी घेऊन आली, थोडा वेळ उभी राहिली, मग पुढं येऊन तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"साजे, सुई रिकामी हाय," ती म्हणाली.

खरंच दोरा नव्हता. मी किती वेळ नुसतीच शिवत होते कोण जाणे. मावशीनं दोरा ओवून दिला, आणि मग कातरणांच्या ढिगाऱ्यावर, जणू तिच्या माहेरची ओसरी असावी तशी, आडवी झाली आणि झोपली.

अकरा वर्षं ती रोज आली. दोन वाजता यायची, चारला उठायची. उन्हाळ्यात मी शटर अर्धं खाली ओढायचे. मग दुकानात पिवळट उजेड पडायचा, रंगीत कापडाच्या गठ्ठ्यांवरून तो हळूहळू सरकायचा, मशीनचा आवाज एकसारखा चालायचा आणि मावशीचा श्वास त्यात मिसळून जायचा. कधी ती झोपेत बोलायची. कधी मलाच वाटायचं की मी जागी नाही, कुणाच्या तरी झोपेत बसून शिवतेय, आणि ते माणूस उठलं की हे दुकान, ही कातरणं, सगळं विरून जाईल. त्या वेळेत काही लागायचं नाही, दुखायचं नाही.

"पड की जरा," ती डोळे न उघडता म्हणायची.

"ऑर्डरी आहेत," मी म्हणायचे.

चिठ्ठीचा वार बुधवार. तो संत जोसेफचा वार. झोपून उठली की मावशी पदराच्या गाठीतून कोरा कागद काढायची आणि सांगायला बसायची. सुरुवातीच्या चिठ्ठ्या मी इमानानं लिहिल्या. गुडघा नीट चालू दे. धुतलेल्या वाकळा वाळेपर्यंत ऊन राहू दे. सुयोगला नोकरी लागू दे. सुयोग तिचा मुलगा, पुण्यात एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला, आणि ती चिठ्ठी मावशीनं पेढा ठेवावा तशी आठवडाभर मूर्तीपुढं ठेवली. मी चेष्टा केली की संतानं केलं का कंपनीनं. ती म्हणाली, "कंपनीला झोपंत कुणी सांगितलं?"

मग तीन वर्षांपूर्वी, एका बुधवारी, ती सांगायला लागली ते संपेचना.

"लिव. जोसेफबाबा, तुमी बी बिऱ्हाड घिऊन फिरलाय. बायकू दिवसांची, आन् हिकडं जागा न्हाय, तिकडं जागा न्हाय. तुमाला म्हाईत हाय सगळं. आमच्या सुयोगची खोली तिसऱ्या मजल्यावर हाय आन् माझा गुडघा असा. त्येला तळमजल्याची जागा मिळू द्या. त्यो मला न्हेतो म्हणतूय. त्येची साक्षी पाच वरसांची झाली, माझ्या कुशीत एक रात बी न्हाय झोपली पोर. मला तिच्यासंग ऱ्हाऊ द्या. लिवलंस?"

"लिहिलं," मी म्हणाले.

मी लिहिलं होतं: फुलामावशीला इथंच राहू दे.

हातून चुकून झालं असं मी म्हणणार नाही. मला चांगलं कळत होतं. मला राग आला होता. मुलगा वर्षातून दोनदा येणार, आणि मी आठ वर्षं रोजची, आणि ही बाई दुसऱ्याच्या तळमजल्याची स्वप्नं माझ्याच हातानं लिहून घेणार. मावशीनं कागद हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, चार घड्या घातल्या आणि जपमाळेच्या पिशवीत टाकला.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. तिनं सांगायचं वेगवेगळं, कधी जिन्याचं, कधी साक्षीच्या पडलेल्या दाताचं, कधी सुनेला रात्रपाळी असते त्याचं. मी लिहायचं तेवढंच. फुलामावशीला इथंच राहू दे.

आणि जागा मिळेना. एक घर पसंत पडलं तर मालकानं आयत्या वेळी भाच्याला दिलं. दुसऱ्या ठिकाणी पाणी यायचं नाही. तिसऱ्या ठिकाणी सगळं ठरलं आणि इमारतच पाडायला निघाली. सुयोगचा फोन आला की मावशी माझ्याकडं बघून मान हलवायची. पहिल्या वेळी मी घरी जाऊन शेवया केल्या आणि ताटात घेतल्यावर मला त्या गिळवेनात. मी नमाजाला बसायचे तेव्हा डोळ्यांसमोर तो झोपलेला सुतार यायचा. मी त्याला मानत नव्हते, तरी त्याच्या डोक्याखाली माझं खोटं ठेवलं आहे एवढं मला पक्कं माहीत होतं. मला वाटायचं, याला टोचत कसं नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मावशी झोपली होती आणि तिच्या पिशवीतून एक लहान वाकळ बाहेर आली होती. ती साक्षीची. मावशी पुण्याला राहायला जाईल तेव्हा न्यायची म्हणून शिवायला घेतलेली. मी ती उचलून शटरजवळच्या उजेडात धरली. मधला भाग पाच वर्षांच्या पोरीच्या मापाचा होता, माझ्या निळ्या आणि मोतिया कातरणांचा. त्याच्या पायाकडं एक पट्टी जोडलेली. त्याखाली दुसरी. त्याखाली तिसरी, अजून अर्धीच टाचलेली, सुई टोचून ठेवलेली. माझा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडं गेला. तिन्ही पट्ट्या मिळून नऊ इंच भरल्या.

पोरगी तीन वर्षांत तेवढी वाढली होती. आणि मावशीनं ती वाढ फोनवर ऐकून शिवली होती.

मी टेप गुंडाळून ठेवली. मला माझी लाज वाटली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. ढिगाऱ्यावर मावशी उजव्या कुशीवर, हाताची उशी करून झोपली होती, पायांत चपला तशाच. झोपेत तिचे ओठ हलले. "साक्षे, हळू गं," ती म्हणाली. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी अंगणात ती पोरीच्या मागं चालत होती, आणि तिथं तिचा गुडघा दुखत नसावा. तिचा चेहरा अगदी मोकळा होता.

बुधवार आला. साक्षीचं पहिलं कम्युनियन मे महिन्यात ठरलं होतं. पोरं पहिल्यांदा प्रभूचा प्रसाद घेतात तो दिवस, पांढरे कपडे, मेणबत्ती. मावशीनं ते सगळं सांगितलं. या वेळी मी सगळं लिहिलं. बिऱ्हाड, तळमजला, गुडघा, मेणबत्ती, साक्षीच्या फ्रॉकची झालर, कुशीतली झोप. तिचे शब्द होते तसेच, 'हाय' ला 'हाय' आणि 'न्हाय' ला 'न्हाय'. कागदाची एक बाजू भरली, मी पाठीमागं लिहिलं.

मावशीनं कागद हातात घेतला. घडी घातली नाही. अंगठा ओळीवरून फिरवत राहिली, एका ओळीवरून दुसऱ्या, उलटा करून पुन्हा.

"ही नक्षी येगळी हाय," ती म्हणाली.

मी कात्री शोधायला लागले. कात्री समोरच होती.

"मला वाचाया येत न्हाय साजे, पर डोळं हायत. पन्नास वरसं टाकं घालतीया. दर बुधवारी मी चिक्कार बोलायची आन् तू एक वळ लिवायचीस. तीच वळ. तितंच टिंब, तितंच काना. तीन वरसं."

"मग बोलली का नाहीस?"

"आदी वाटलं, तुला कट्टाळा येतूय. मग नाताळला साक्षी आली व्हती, तिला वाचाया दिली."

बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत आम्ही दोघी बसून होतो.

"दोन म्हयनं झालं तुला कळून," मी म्हणाले. माझी भाषाही तिच्यासारखी झाली होती. "तरी ठेवत राहिलीस त्याच्या उशाखाली?"

"मग काय करू? मागणं हाय ते. तुझी अम्मी गेल्यापास्नं तू कुणाकडं काय मागितलंस? कवा न्हाय ते मागितलंस, ते बी चोरून. आन् मी फाडून टाकू व्हय?"

"आणि तुझं मागणं?"

"ते मी त्येच्या कानात सांगायची. झोपल्याल्या माणसाला कुणी वाचून दावतं का?" ती हसली, पदर सारखा केला. "दोगींची दोन मागणी, आन् ती बी उलटी. त्यो बिचारा काय करील? येकीचं ऐकावं तर दुसरी रुसती. कूस बदलायची म्हटलं तर तेवढी बी जागा न्हाय त्येला."

मला रडू आलं. अम्मी गेली तेव्हा आलं नव्हतं इतकं आलं. मावशीनं मला जवळ घेतलं नाही, ती तसली नव्हे. तिनं मशीनवरचं अर्धं शिवलेलं ब्लाउज उचलून बाजूला ठेवलं, त्यावर पाणी पडू नये म्हणून. मग कागदाची घडी घातली, एक, दोन, तीन, चार.

"म्हंजी तू मला सोडलंस," ती म्हणाली.

मी मान हलवली.

एकोणीस मार्चला ती मिस्सेला गेली आणि मला गुळाचा शिरा आणून दिला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुयोगचा फोन आला. हडपसरच्या पुढं तळमजल्याची जागा, दोन खोल्या, पुढं थोडं अंगण. संतानं केलं असं मी म्हणणार नाही. जागा शोधणारा माणूस तीन वर्षं शोधत राहिला तर कधीतरी जागा सापडतेच. पण अंगणाचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला, हेही खोटं नाही.

टेम्पो आला तेव्हा मावशी पुढच्या सीटवर बसली. मूर्ती साक्षीच्या वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतलेली. नऊ इंच पट्ट्या पुऱ्या झाल्या होत्या. चढण्याआधी तिनं मला एक दुसरीच वाकळ दिली, मोठी, माझ्याच अकरा वर्षांच्या कातरणांची. कुठलं ठिगळ कुणाच्या लग्नाचं हे मला बघताक्षणी सांगता आलं असतं. एका कोपऱ्यात अम्मीच्या शेवटच्या लुगड्याचा तुकडा होता. मी तो फेकून दिला होता. तिनं उचलला असणार.

हातात घेतल्यावर वाकळ कुरकुरली.

"आत कागद हायत," मावशी म्हणाली. "तुझं मागणं हाय, मी कशाला न्हेऊ तिकडं? धुताना उसव, न्हायतर लगदा हुईल."

टेम्पो पाटसच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभी होते. मग दुकानात आले आणि रात्री आठपर्यंत ब्लाउजं शिवली. एकाचीही बाही सरळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळी उसवली.

मे महिनाभर दोन ते चार मशीन चालवली. वाकळ गठ्ठ्यांवर घडी घालून ठेवलेली. उजेड नेहमीसारखा कापडांवरून सरकायचा, पण आता तो कुठं जाऊन थांबायचा ते मी बघत नव्हते.

कम्युनियन झालं, फोटो आले. पांढऱ्या फ्रॉकमधली साक्षी, शेजारी मावशी, दोघींच्या हातात मेणबत्त्या. त्यानंतरच्या बुधवारी, दुपारी, फोन वाजला. मावशीचा नंबर, आवाज साक्षीचा.

"साजियाआत्या, आज्जीनं चिठ्ठी लिहायला सांगितली. ती म्हणतेय, आधी तुला वाचून दाखव."

"तिच्या गुडघ्याचं आहे का?"

"नाही, तुझं आहे. ऐक." पोरीनं घसा साफ केला आणि शाळेत वाचतात तसं सावकाश वाचलं. "जोसेफबाबा, माझ्या साजीला दुपारची झोप लागत न्हाय. तिला वाटतं, ती झोपली म्हणून तिची आई गेली. तसं नसतं. माझा माणूस बी दुपारचाच गेला आन् मी जागी हुती, मी काय करू शकले? तुमी झोपंतच सगळी कामं करता. तिला झोपू द्या."

मी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"आत्या? आहेस का?"

"आहे. साक्षी, जसं सांगितलं तसंच लिहिलंस ना?"

"हो," ती म्हणाली. "तसंच."

फोन ठेवला. मी शटर अर्धं खाली ओढलं. वाकळ काढून मावशीच्या जागी, कातरणांच्या ढिगाऱ्यावर पसरली आणि आडवी झाले. कूस बदलली तसे आत कागद वाजले. मग वाजायचे थांबले.

साडेचारला एक बाई शटर बडवत होती. तिचं ब्लाउज तयार नव्हतं.